दोरवाट

फ्रेंचमध्ये कालव्याकाठच्या वाटेला ‘शमँ द आलाज’ म्हणतात. आलाज म्हणजे ओढणं. इंग्रजी ‘टोपाथ’मध्येही तेच ओढणं आहे. घोडा, खेचर किंवा माणूस दोर घेऊन काठावरून चालायचा आणि पाण्यातली नाव त्याच्या मागे यायची. त्यासाठी बांधलेली ही वाट. आज दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदीच्या काठानं, द्राक्षांच्या मुलखातून, जगभरची हौशी माणसं सायकली चालवतात आणि परतल्यावर त्याबद्दल लिहितात. हे लेखन मराठीत आणायला बसलं की पहिल्याच पानावर हा शब्द आडवा येतो. ‘काठची वाट’, ‘कालव्याकाठचा रस्ता’, फार तर ‘पायवाट’. वाक्य छान वाहतं. दोर तेवढा गायब होतो.

दोर गायब झाल्यानं बिघडतं काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. या प्रकारच्या लेखनाचं मूळ मला स्टीव्हन्सनच्या ‘ॲन इनलँड व्हॉयेज’मध्ये (१८७८) दिसतं. दोन मित्र छोट्या होड्या घेऊन अँटवर्पहून निघतात आणि कालवे-नद्यांतून फ्रान्समध्ये उतरतात. बेल्जियमच्या कालव्यात स्टीव्हन्सनला मालवाहू नावांवर राहणारी माणसं दिसतात आणि त्यांचं संथ आयुष्य त्याला हेवा वाटण्याजोगं वाटतं. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांतलं कालव्याकाठचं निम्मं प्रवासगद्य या हेव्याची तळटीप आहे, असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी त्यानं सेव्हेनच्या डोंगरांतल्या गाढवासोबतच्या प्रवासाचं पुस्तक काढलं. ते कितीतरी सरस आहे, कारण तिथं ओझं कुणाच्या पाठीवर आहे हे विसरायची सोय नाही.

सायकलप्रवासाच्या गद्याचं बलस्थान त्याच्या वेगात आहे, आणि ते नाकारायचं कारण नाही. मोटारीतून द्राक्षमळा म्हणजे एक हिरवा पट्टा. सायकलवरून मात्र प्रत्येक ओळ क्षणभर आरपार दिसते, मिटते आणि पुढची उघडते. चढ आधी मांड्यांना कळतो, मग डोळ्यांना. चांगला लेखक हे सगळं वाक्याच्या लांबीत आणतो. पण बहुतेकांची सामग्री ठरलेली: दुतर्फा प्लेन वृक्षांची सावली, फुलांच्या कुंड्या लावलेलं दरवाजेवाल्याचं घर, पाव, चीज, संध्याकाळचा पेला. (ती सावलीही आता विरळ होत चालली आहे. काठावरच्या सुमारे ४२,००० झाडांना २००६पासून बुरशीजन्य रोगानं ग्रासलं आणि हजारो झाडं तोडावी लागली. गद्यात मात्र ती अजून उभीच आहेत.)

मराठीत हे आणताना कोणती परंपरा उपयोगी पडेल? आपलं गाजलेलं युरोपीय प्रवासवर्णन आगगाडी, हॉटेल आणि गप्पा यांवर उभं आहे. काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ किंवा पु.लं.चं ‘अपूर्वाई’ घ्या. पु.लं.ना भूगोलापेक्षा माणसांच्या बोलण्यात रस आणि त्यांची विनोदाची लय समोर कुणीतरी बोलणारं असल्याशिवाय चालत नाही. तासन् तास एकट्यानं पेडल मारणाऱ्या माणसाच्या ती कामाची नाही.

संथ वाटचालीचं गद्य आपल्याकडे आहे, ते दुसऱ्या घरात. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी जिथं राहिले, बसले त्या जागा दिशांनिशी नोंदवल्या आहेत. कालव्याकाठच्या मुक्कामांची नोंद कशी कोरडी आणि तरीही जिवंत ठेवावी, हे तिच्याकडून शिकावं. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये पायांखालची वाट आहे. आणि नर्मदा परिक्रमेची वर्णनं तर पाण्याच्या कडेनं चालण्याचीच: नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. कनाल द्यु मिदीच्या मजकुरावर हा सूर सहज बसतो, आणि नेमका तिथंच घात होतो. परिक्रमेच्या मराठीत पाणी म्हणजे मैया. कालवा मैया नाही. १६६६ ते १६८१ या काळात पिएर-पॉल रिके नावाच्या करवसुली अधिकाऱ्यानं खोदवून घेतलेलं ते दोनशे चाळीस किलोमीटरचं बांधकाम आहे. तिथं ‘मनाला शांतता लाभली’ असं वाक्य मराठीत उतरलं की त्याला आपोआप उदबत्तीचा वास येतो.

विनोद नको, भक्ती नको, तर मग उरतं काय? माझ्या मते उरते ती निफाड-तासगावकडची बागायतदारांची भाषा. साहित्याच्या मराठीनं तिच्याकडे फारसं पाहिलेलं नाही. काडी, डोळा, ओलांडा, घड, मणी, विरळणी, भुरी, खरड छाटणी, गोडी छाटणी. ‘द्राक्षवेलींचे हिरवे गालिचे’ लिहिणाऱ्या अनुवादकानं एकदा या शब्दांच्या शेजारी बसावं. आपल्याकडे वेल मांडवावर डोक्यावर असते. तिकडे बुटकी, कमरेएवढी. आपल्याकडे थंडीत ती झोपत नाही म्हणून वर्षात दोनदा छाटावी लागते, तिकडे छाटणी हिवाळ्यात. सायकलस्वार येतो उन्हाळ्यात. त्यामुळे वेलीवरचं सर्वांत कौशल्याचं काम या गद्यात बहुधा नसतंच. मुळात नसलेलं अनुवादकानं घालावं, असं मी म्हणत नाही. पण ‘काडी’ हा शब्द वापरला की कुणीतरी ती राखली आहे, हे मराठी वाचकाला कळतं. ‘फांदी’ म्हटलं की ती नुसती वाढलेली असते.

‘खुंट’ या शब्दाची गंमत तर वेगळीच. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा उजाड करायला सुरुवात केली आणि त्या वाचल्या त्या अमेरिकन खुंटांवर कलम करून. आपल्याकडचा बागायतदार ज्याला ‘डॉगरिज’ म्हणतो तो खुंटही अमेरिकेचाच. पुढे बागा सावरल्या, दारू उदंड झाली, साखर घालून केलेली बनावट दारूही बाजारात आली आणि भाव कोसळले. १९०७मध्ये कालव्याच्या टापूतल्या आर्जेलिए गावच्या मार्सेलँ आल्बेर या कॅफेवाल्या बागायतदाराच्या मागे लाखो लोक रस्त्यावर उतरले. नार्बोनमध्ये सैन्यानं गोळ्या झाडल्या. संध्याकाळच्या पेल्याचं वर्णन करणाऱ्या पुस्तकांत हे आलंच तर अर्ध्या वाक्यात येतं. बेदाण्याचा भाव पडलेला पाहिलेल्या वाचकाला ते अर्धं वाक्य पुरतं, फक्त त्यातली क्रियापदं खरी हवीत.

कालव्याचे शब्द तितके सहज मिळत नाहीत. पाट, चारी, आवर्तन, पाटकरी ही नीरा-गोदावरीकडची शब्दसंपत्ती शेताला पाणी देण्याची. नाव वर चढवणाऱ्या दुहेरी दरवाज्यांच्या हौदाला त्यात शब्द नाही, कारण ते कालवे नावांसाठी काढलेच नव्हते. मी तिथं ‘पाण्याची पायरी’ लिहिते. कोशातला जडशीळ शब्द आणि त्याखाली तळटीप, यापेक्षा हे बरं.

दोराकडे परत येऊ. तो मला सापडला तो चेन्नईत, मी राहते त्या शहरात. इथला बकिंगहॅम कालवा नावांसाठीच काढलेला. १८०६मध्ये बेझिल कॉक्रेननं शहराच्या उत्तरेकडे सुरुवात केली. अड्यार आणि कूवम या नद्यांना जोडणारा तुकडा १८७७-७८मध्ये, भीषण दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून खोदला गेला. त्यावर मीठ, जळण, भात वाहणाऱ्या नावा चालत: शिडानं, बांबूनं रेटून आणि काठावरून माणसांनी दोरानं ओढून. भारतीदासनांची ‘मावलिपुरच् चेलवु’ ही तमिळ कविता याच कालव्यातून महाबलीपुरमला केलेल्या नावेच्या प्रवासाची. कालव्याकाठच्या साहित्याची तुलना करायची तर स्टीव्हन्सनशेजारी ती ठेवायला हवी, पण इंग्रजीतून वाचणाऱ्या आपल्या वर्तुळात तिचं नाव क्वचितच निघतं.

दोन्ही कालव्यांच्या मजुरीची तुलनाही बोलकी आहे. रिके आपल्या मजुरांना महिन्याचा पगार देई, पावसात काम बंद पडलं तरी. त्याच्या कामावर बायाही मोठ्या संख्येनं होत्या. पिरेनीजमधल्या खेडुत बायांना पाणी वळवण्याचं जे ज्ञान होतं, ते या बांधकामात कसं उतरलं, हे चंद्रा मुकर्जींच्या ‘इम्पॉसिबल इंजिनिअरिंग’मध्ये (२००९) तपशिलानं आलं आहे. मद्रास इलाख्यात त्या दुष्काळात रिचर्ड टेंपलनं कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. त्याच वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

आज या कालव्यात स्थानिक रेल्वेचे खांब उभे आहेत आणि मैलापूरच्या बाजूला काठानं सायकल न्यायची म्हटलं तर कितीतरी ठिकाणी काठच उरलेला नाही. इथल्या कुणाला कालव्याकाठची रम्य सायकलसफर लिहायचा मोह होणार नाही. पण दोर, बांबू, खांद्याला पडलेले घट्टे आणि दुष्काळी खणती यांची आठवण तमिळमध्ये आणि सरकारी दप्तरांत शाबूत आहे. फ्रेंच शब्दातलं ओढणं मराठीत आणायला मला हा शेजार लागला.

शब्दाचं म्हणाल तर आधी ‘ओढवाट’ सुचतो. अर्थ नेमका, नादही चांगला. पण मराठीत ‘ओढ’ म्हटलं की ती आधी मनाला लागते. ‘ओढवाट’ हे एखाद्या कवितासंग्रहाचं नाव वाटतं आणि वाचक पुन्हा त्या हेव्यात जाऊन बसतो. म्हणून मी ‘दोरवाट’ लिहिते. तो ओबडधोबड आहे, पहिल्यांदा वाचताना डोळा अडखळतो. सायकल त्यावरून सुळकन जाते, हे वाक्य त्यामुळे जरा विचित्र दिसतं. मला ते तसंच हवं आहे.