‘यी जिंग’ : कौल की कसोटी?

‘ई चिंग’ या उच्चाराने आपल्याकडे अधिक परिचित असलेला ‘यी जिंग’ हा चीनचा प्राचीन शकुनग्रंथ दैनंदिन जीवनाचा मार्गदर्शक म्हणून आज देशोदेशी वाचला जातो. नोकरी सोडावी काय, भावाशी समेट करावा काय, घर विकावे काय, असा प्रश्न मनात धरून लोक तीन नाणी सहा वेळा टाकतात आणि जी आकृती येईल तिच्याखालचा मजकूर वाचतात. हा सारा भोळसटपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तो मार्ग पसंत नाही. कारण एवढा दीर्घकाळ टिकलेला ग्रंथ त्याच्या जाणत्या वाचकांनी कसा वाचला, हा वाङ्मयीन प्रश्न त्याने सुटत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. आजचा वाचक या ग्रंथास प्रश्न विचारतो. ग्रंथ त्यालाच उलट जो प्रश्न विचारतो, तो मात्र तो ऐकत नाही.

ग्रंथाची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अखंड रेघ आणि मध्ये तुटलेली रेघ अशा दोन चिन्हांपासून सहा रेघांच्या चौसष्ट आकृती होतात. प्रत्येक आकृतीस एक नाव, एक त्रोटक निर्णयवाक्य आणि प्रत्येक रेघेस एक वचन. म्हणजे रेघांची वचने ३८४. हा मूळ गाभा पश्चिम चौ राजवटीतला, आणि तो कमालीचा तुटक आहे. पुढे कित्येक शतकांनी त्याला ‘दहा पंख’ म्हणून ओळखली जाणारी भाष्ये जोडली गेली. परंपरा गाभ्याचे कर्तृत्व राजा वन व चौचा सरदार यांना आणि भाष्यांचे कन्फ्यूशियसला देते; आधुनिक संशोधक ते मानत नाहीत. जगाला ज्ञात असलेले ‘शहाणपण’ बहुतांशी या पंखांतले आहे, गाभ्यातले नव्हे.

हा भेद केवळ पंडिती नाही. ‘जन’ या एका शब्दाचेच पाहा. जुन्या अस्थिलेखांत त्याचा अर्थ शकुन पाहणे, देवापुढे प्रश्न मांडणे असा आहे. ग्रंथाच्या आरंभी येणाऱ्या चार अक्षरांत तो शेवटचा. तेथे मूळ आशय ‘प्रश्न पाहणे लाभदायक’ एवढाच असावा. उत्तरकालीन वाचकांनी त्याच चार अक्षरांचे चार सद्गुण केले आणि ‘जन’चा अर्थ दृढनिष्ठा असा झाला. शब्दशास्त्राच्या काट्यावर हे वाचन टिकणार नाही. तथापि या ‘चुकीच्या’ वाचनातूनच ग्रंथाचे खरे मोठेपण निर्माण झाले, असे आमचे मत आहे. ‘त्सो-च्वान’ या प्राचीन इतिहासग्रंथातील दोन प्रसंग त्यास साक्ष आहेत.

पहिला प्रसंग लू राज्यातील राजमाता मू च्यांग हिचा. राज्याविरुद्धच्या कटात ती सामील झाली, कट फसला आणि तिला पूर्वेकडील प्रासादात कोंडण्यात आले. तेथे पाऊल ठेवताना तिने शकुन पाहविला. आकृती आली ती ‘स्वै’, म्हणजे अनुसरण, हिच्याकडे वळणारी. शकुन सांगणाऱ्याने अर्थ लावला की, ही बाहेर पडण्याची खूण आहे, बाईसाहेब लवकरच सुटतील. राजमातेने तो नाकारला. या आकृतीवर दोष नाही असे म्हटले आहे खरे, पण ते चार सद्गुण ज्याच्या अंगी आहेत त्याच्यासाठी. आपण राज्यात बखेडा माजविला, स्वतःचाही घात केला, आपल्यापाशी त्यांतला एकही गुण नाही, तेव्हा आपण येथेच मरणार, असे तिने सांगितले. इ. स. पूर्व ५६४ मध्ये ती त्याच प्रासादात वारली.

दुसरा प्रसंग इ. स. पूर्व ५३० मधला. नान क्वाय नावाचा एक अधिकारी आपल्या धन्यावर उठण्याच्या बेतात होता. त्याने प्रश्न उघड न करता शकुन पाहिला, तेव्हा दुसऱ्या आकृतीची पाचवी रेघ आली. तिच्यात पिवळ्या अधोवस्त्राचा उल्लेख आहे आणि फल परम शुभ म्हटले आहे. हर्षभरित होऊन त्याने ती त्स-फू ह्वै-पो या जाणत्या गृहस्थास दाखविली. त्याने सांगितले की, काम निष्ठेचे असेल तर हे फल खरे, नसेल तर काम बुडेल. पिवळा हा मध्याचा रंग. मनाच्या मध्यभागी निष्ठा नसेल तर तो रंगच उरत नाही. शिवाय जोखमीच्या बंडखोरीसाठी या ग्रंथास प्रश्न करताच येत नाही. नान क्वायने बंड केलेच, आणि अखेर त्याला ची राज्यात पळून जावे लागले.

दोन्ही ठिकाणी कौल शुभ होता, आणि दोन्ही ठिकाणी जाणत्या वाचकाने तो प्रश्नकर्त्याच्या विरुद्ध वाचला. आपल्याकडे देवळात कौल लावतात तेव्हा उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या चारित्र्यावर पाकळीची बाजू बदलत नाही. येथे मात्र मजकूर तोच राहून फल बदलते. राजमातेचे धैर्य आम्हांस अधिक मोठे वाटते. ह्वै-पोने दुसऱ्याचे माप काढले, तिने स्वतःचे.

आता आजच्या उपयोगाकडे वळू. पाश्चात्त्य जगात हा ग्रंथ रुजला तो मुख्यतः रिचर्ड विल्हेल्म यांच्या १९२४ च्या जर्मन भाषांतराने. विल्हेल्म चिंगताव येथे मिशनरी होते आणि लाव नाय-श्वान या विद्वानाच्या साहाय्याने त्यांनी हे काम केले. त्यामुळे त्यांच्या भाषांतरात भाष्यपरंपरा निष्ठेने उतरली आहे. १९५० मध्ये केरी बेन्स यांनी त्याचे इंग्रजी केले आणि त्यास युंग यांची प्रस्तावना लाभली. युंग यांनी ग्रंथालाच या नव्या आवृत्तीविषयी प्रश्न केला आणि ‘तिंग’, म्हणजे यज्ञपात्राची आकृती मिळविली. प्रस्तावना बुद्धिमान आहे यात शंका नाही. परंतु तिने ग्रंथ आत्मशोधाचे साधन ठरविला, आणि पुढच्या लोकप्रिय संक्षेपांनी त्या आत्मशोधातली धार काढून घेतली. ‘अशुभ’ या शब्दाच्या जागी ‘आव्हान’ आले, ‘दोष’ गेला आणि ‘संधी’ आली. अशा पुस्तकात राजमातेस तिचे उत्तर सापडले नसते. तेथे ती सुटलीच असती.

पद्धतही पालटली. जुन्या रीतीत पन्नास काड्यांतली एक बाजूला ठेवून उरलेल्या एकोणपन्नास वाटीत जावे लागे. एका रेघेस तीन वेळा, म्हणजे पूर्ण आकृतीस अठरा वेळा. नाण्यांनी तेच काम काही क्षणांत होते. दोन्ही पद्धतींत बदलत्या रेघांची संभाव्यताही सारखी नाही: बदलणारी तुटकी रेघ काड्यांनी सोळांत एकदा, तर नाण्यांनी आठांत एकदा येते. आम्हांस मात्र गणितापेक्षा वेळ महत्त्वाचा वाटतो. काड्या वाटता वाटता आपण काय विचारीत आहो, हे विचारणाऱ्याला निदान अठरा वेळा आठवत असेल.

चौथी आकृती अजाण शिष्याची आहे. शिक्षकवर्गाने ती अवश्य पाहावी. तिचा आशय असा की, शिष्याने गुरूकडे यावे, गुरूने शिष्याच्या मागे धावू नये. पहिल्या प्रश्नास उत्तर मिळते, तोच प्रश्न दोनदा-तीनदा विचारला तर तो अवमान होय आणि उत्तर मिळत नाही. मनाजोगे उत्तर येईपर्यंत नाणी टाकणाऱ्यास याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार? पाचवी आकृती प्रतीक्षेची. आकाशात ढग चढले आहेत, पाऊस अद्याप पडलेला नाही. आणि भाष्य सांगते की अशा वेळी सत्पुरुष खातो, पितो, स्वस्थ असतो. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या लोकांना या चित्राचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

वर आम्ही ‘सत्पुरुष’ म्हटले, ते ‘च्वुन-त्स’ या शब्दासाठी. मूळ अर्थ राजपुत्र, सरदारपुत्र. कन्फ्यूशियसच्या परंपरेत तो शीलवान पुरुष झाला. कुळावरून शीलाकडे झालेला हा प्रवास आपल्या ‘आर्य’ शब्दानेही केला आहे, पण आज त्या शब्दावर इतर ओझी फार आहेत. ‘सज्जन’ थोडा मवाळ पडतो. ‘जन’साठी तर एक प्रतिशब्द पुरणारच नाही. मराठीत हा ग्रंथ आणणाऱ्याने गाभ्यात ‘प्रश्न’ आणि पंखांत ‘निष्ठा’ असे दोन शब्द योजावेत व दोन्ही थर वेगळ्या टंकात छापावेत, अशी आमची सूचना आहे. मग राजमातेने कोणत्या शब्दाचे काय केले, हे वाचकास पानावरच दिसेल.