परिषदा भरतात, पूररेषा तिथेच

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, पाठ्यपुस्तकांचेही होते. इंजिनिअरांच्या परिषदांचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. उद्घाटनाची बातमी छापून येते, व्यासपीठावरच्या मंडळींचे छायाचित्र येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसेच. पाणी आणि बदलते हवामान या विषयावरच्या परिषदा आता इतक्या नियमित भरतात, आणि त्यांत जे ठरते किंवा ठरत नाही त्याचा आपल्या घरादाराशी इतका जवळचा संबंध आहे, की त्यांच्याकडे वाचकाच्या चिकित्सक नजरेने पाहायला हवे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून हे काम आम्ही येथे करीत आहोत.

आधी श्रेय द्यायला हवे. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधनशाला १९१६ सालची. भारतीय जलगतिशास्त्र संस्थेचे मुख्यालय तिथेच आहे. ही संस्था ‘हायड्रो’ नावाची परिषद दरवर्षी देशातल्या वेगवेगळ्या शहरांत भरवते. संशोधनशाळेच्या शताब्दीच्या वर्षी, २०१६ मध्ये, ती खडकवासल्यालाच भरली होती. २०२१ च्या परिषदेतील निबंधांचा एक अख्खा खंड पाण्यावर होणाऱ्या हवामानबदलाच्या परिणामांना वाहिलेला आहे. तेव्हा हा विषय इंजिनिअरांच्या कानी गेलेला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. परिषदेत जे मान्य होते ते कागदावरच्या रेषेपर्यंत पोचले की नाही, हे तपासण्याची सोय या परिषदांनी स्वतःच्या रचनेत ठेवलेली नाही.

भूतकाळाची फूटपट्टी

पूल किती उंच बांधायचा, गटार किती रुंद खोदायचे, नदीकाठी घर कुठपर्यंत बांधू द्यायचे, हे ठरवण्यासाठी इंजिनिअर जुन्या नोंदी घेतात. तीस-चाळीस वर्षांचे पाऊस आणि पूर मांडतात आणि त्यावरून ‘पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर’, ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असे आकडे काढतात. या शब्दप्रयोगाने पुष्कळांचा गैरसमज होतो. पंचवीस वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता पंचविसात एक, म्हणजे चार टक्के, एवढाच अर्थ आहे.

या हिशोबाखाली एक गृहीत दडलेले आहे. निसर्गातले चढउतार मागे जसे होते तसेच पुढेही राहतील, असे ते गृहीत. त्याला ‘स्थिरतेचे गृहीतक’ म्हणू. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मिली आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी या स्थिरतेचा मृत्यूच जाहीर केला. कारण साधे आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. जास्त बाष्प असले की कोसळणारा पाऊसही जोरदार. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. हे संशोधन परदेशातले नाही, पाषाण रस्त्यावरचे आहे.

चिखलीची निळी रेषा

आता नदीकाठी येऊ. पवना आणि इंद्रायणी दोन्ही लोणावळ्याच्या परिसरातून निघतात. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पुणे शहरात सातशेच्या आसपास. म्हणून चिंचवडात ऊन असतानाही पवनेला पूर येऊ शकतो. अशा नद्यांच्या काठी दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान अटींसह मुभा.

मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. लोकांनी आयुष्याची पुंजी घालून बांधलेली घरे एका सकाळी गेली. कायद्याच्या दृष्टीने हे प्रकरण तिथे मिटले. विज्ञानाच्या दृष्टीने प्रश्न तिथूनच सुरू होतो: निळ्या रेषेच्या अगदी बाहेर, कायदेशीरपणे राहणाऱ्या कुटुंबाचे काय?

हा हिशोब अकरावी-बारावीचा विद्यार्थी करू शकेल. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९६. घराच्या कर्जाची मुदत वीस वर्षे धरली, तर वीसही वर्षे पूर न येण्याची शक्यता ०.९६ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.४४. म्हणजेच कर्ज फिटायच्या आत एकदा तरी त्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के! आणि बदलत्या हवामानामुळे जो पूर पंचवीस वर्षांतून एकदा येई तो दहा वर्षांतून एकदा येऊ लागला असे समजा. मग ०.९ चा विसावा घात सुमारे ०.१२ येतो आणि पाणी येण्याची शक्यता ८८ टक्क्यांवर जाते. रेषा नकाशावर तिथेच आहे, घरही तिथेच आहे. बदलला तो फक्त तिचा अर्थ, आणि तो त्या कुटुंबाला कोणी सांगितलेला नाही.

आभाळाच्या आधी जमीन बदलली

इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेले की स्थिरतेच्या गृहीतकाला दुसरा तडा दिसतो. चाकण एके काळी कांद्याबटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. बाजार आजही आहे, पण भोवतीच्या शेतांच्या जागी गेल्या तीस वर्षांत कारखान्यांची पत्र्याची छपरे आणि काँक्रीटची आवारे आली. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते पाच लाख लिटर. कांद्याचे शेत त्यातले तीस टक्के वाहू देते असे धरले, तर ओढ्यात दीड लाख लिटर जाते. पत्र्याचे छप्पर नव्वद टक्के वाहू देते, म्हणजे साडेचार लाख लिटर. पावसाचा एक थेंबही वाढला नाही तरी ओढ्यावरचा भार तिप्पट झाला. अशा ओढ्यावर शेतांच्या काळात बांधलेली मोरी तुंबली, तर दोष एकट्या पावसाला देता येणार नाही.

परिषदेत काय नसते?

या परिषदांच्या अनुक्रमणिका चाळल्या तर एक घडण नजरेत भरते. संगणकावर प्रतिमान मांडायचे, भविष्यातील पावसाचे दोन-तीन पर्याय त्यात घालायचे, आलेख काढायचे आणि ‘धोरणकर्त्यांना हे उपयोगी पडेल’ असे शेवटचे वाक्य लिहायचे. धोरणकर्त्यांना ते उपयोगी पडले का, हे सांगायला लेखक पाच वर्षांनी परत येताना क्वचितच दिसतो. फसलेल्या कामावरचा निबंध तर त्याहून दुर्मीळ.

असे होणे अटळ नाही, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी पूर्वी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि नियमाप्रमाणे आखलेल्या धरणाला तडे गेले. धरणाच्या दालनातील यंत्राने हादऱ्यांची नोंद केली होती. ती नोंद दडवून ठेवली गेली नाही. जगभरच्या इंजिनिअरांनी तिच्यावर आपापली गणिते घासून पाहिली आणि आजही पाहतात. धरणाच्या उंच भागांना मागून आधार देण्यात आला. १९७० मध्ये भूकंपविषयक भारतीय मानक सुधारले, तेव्हा कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या विभागात गेला. ‘जमीन स्थिर आहे’ हे गृहीत खोटे ठरले, तेव्हा व्यवसायाने फूटपट्टी बदलली आणि तीही तीन वर्षांत. ‘पाऊस स्थिर आहे’ या गृहीताच्या बाबतीत तीच तत्परता आम्हाला अपेक्षित आहे.

दुसरी उणीव विषयांच्या वाटणीची. पुराचे सत्र एका दालनात, पाणीपुरवठ्याचे दुसऱ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नदीकाठच्या वस्त्यांतून लोकांना हलवावे लागले, पवना धरण काठोकाठ भरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहराला दिवसाआड पाणी देणे सुरू झाले आणि हा ‘तात्पुरता’ प्रकार वर्षानुवर्षे चालू राहिला. धरण भरलेले आणि नळ कोरडे, हे कोडे एका दालनात बसून सुटणारे नाही. धरणातून पाणी उचलण्याची ताकद, गळती, वाढलेली लोकसंख्या, पुरासाठी धरणात मोकळी ठेवायची जागा, सगळे एकाच हिशोबात मांडावे लागते.

तिसरी उणीव माणसांची. पवना धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकावी, ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या चुकीची नाही; नदीतून पाणी आणण्यापेक्षा गळती आणि प्रदूषण कमी. पण आपल्या शेतीच्या पाण्याचे काय, हा मावळच्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले आणि काम बारा वर्षे अडून राहिले. पाइपच्या व्यासाचे गणित बरोबर असूनही योजना का अडते, हा जलअभियांत्रिकीचाच प्रश्न आहे. तो सामाजिक शास्त्रांच्या परिषदेकडे ढकलून कसे चालेल?

चौथी उणीव भाषेची. बहुतेक निबंध इंग्रजीत आणि त्यांचे खंड शाळेच्या ग्रंथालयाला न परवडणाऱ्या किमतीत. मराठीत हे होऊ शकत नाही असे मात्र नाही. ‘महाराष्ट्र सिंचन सहयोग’ ही संस्था सिंचन परिषदा मराठीतून भरवते. तिथे इंजिनिअरांबरोबर शेतकरीही बोलतात. नदीकाठच्या शहरांसाठी अशी परंपरा का नसावी?

एक आक्षेप

यावर इंजिनिअर म्हणतील, “आमचे काम सांगण्याचे, अंमलबजावणी सरकारची.” त्यात तथ्य आहे. मुंबईची पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची आहेत, ती ५० मिलिमीटरची करा, असे १९९३ च्या अहवालात सांगितले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ते काम बहुतांशी व्हायचेच होते. दुरुस्त गटारांनाही एवढा पाऊस पेलला नसता, हे खरे. पण मधल्या बारा वर्षांत दर परिषदेत ‘त्या शिफारशीचे काय झाले?’ हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला असता, तर निदान उत्तर देण्याची जबाबदारी कोणावर तरी पडली असती. परिषदेच्या हाती सत्ता नसते, पण आठवण ठेवणे तिच्या हाती असते.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक परिषदेचे पहिले सत्र मागच्या परिषदेच्या शिफारशींसाठी राखावे. कोणती अमलात आली, कोणती नाही, कोणती चुकीची ठरली, हे नावनिशीवार सांगावे. आणि शहराच्या पूररेषा कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवर आखल्या आहेत, हे नकाशावरच मराठीत छापावे.

शिक्षकांना मात्र परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवता येते. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, नोंद करता येते. छपराचे क्षेत्रफळ मोजून किती लिटर पाणी वाहून गेले ते काढता येते. वर दिलेला घाताचा हिशोब फळ्यावर करून घेता येतो. आणि महापालिकेचा पूररेषेचा नकाशा मिळवून आपली शाळा रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे मुलांनाच शोधायला लावता येते. ते सापडल्यावर मुले पुढचा प्रश्न आपणहून विचारतील: ही रेषा कधी आखली, आणि पुन्हा कधी आखणार?