गैरहजर प्रतिवादी

‘श्यामची आई’ (१९३५) आपल्या घरांतून नुसती वाचली गेली नाही, पुजली गेली. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांत तर अधिकच, कारण भाषा आणि वळण टिकविण्याचा भार इकडे बहुधा आईवरच असे. अशा वाचकाच्या हाती अवनी दोशी यांची ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’ ही इंग्रजी कादंबरी आली, तर तो आरंभीच दचकतो. आईचे हाल पाहून आपल्याला सुख होते, अशी कबुली येथे मुलगीच देते.

भारतात २०१९ मध्ये निघालेली ही कादंबरी पुढील वर्षी ब्रिटनमध्ये ‘बर्न्ट शुगर’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचली. कथा पुण्यातली. तारा संसार सोडते आणि लहानग्या अंतराला घेऊन एका बाबांच्या आश्रमात राहते. मूल परक्या बाईच्या मायेवर वाढते. आश्रम सुटल्यावर मायलेकींवर क्लबच्या दाराशी भीक मागण्याची पाळी येते. आता ताराला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि तिला सांभाळायचे आहे अंतराने.

खरा पेच येथे आहे. जिने अन्याय केला तीच तो विसरली, तर दाद मागायची कोणाकडे? नोकरीत असताना प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी निकाल लिहिण्याचे प्रसंग माझ्यावर अनेकदा आले. कागद पुरे असत, मन स्वस्थ नसे. अंतराचे निवेदन वाचताना तेच अस्वास्थ्य पुन्हा जाणवले. लेखिकेचे सामर्थ्य असे की, हा संशय तीच आपल्या मनात पेरते. अंतरा चित्रकार आहे. एकच चेहरा ती रोज आदल्या दिवशीच्या चित्रावरून काढते. रेषा दररोज किंचित सरकते. मग तिच्या आठवणी तेवढ्या जागच्या जागी राहिल्या असतील, असे कसे मानावे?

साखरेने आईचा आजार बळावतो, असे तिच्या मनाने घेतलेले असते. आणि आई आपले गुपित फोडील या भीतीने ती तिला गोडधोड खाऊ घालू लागते. पाहणाऱ्याला वाटावे, लेक आईला मायेने भरवते आहे. येथे मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

नवरा दिलीप मात्र पुसटच राहतो, आणि क्लब-आश्रमाच्या या पुण्यात मराठी पुणे फारसे भेटत नाही. ताराची बाजू तिच्या तोंडून अशी आपल्याला ऐकायला मिळतच नाही, तरी अखेरीस कणव तिचीच येते. निदान मला आली. घरातील लेकीसुनांना विचारले, तर त्या कदाचित अंतराच्या बाजूने बोलतील.