न दिसणारा शेठ

‘डफीज टॅव्हर्न’ ही १९४१ ते १९५१ या काळात अमेरिकन रेडिओवर चाललेली विनोदी मालिका. गुत्त्याचा मालक डफी तिच्यात कधीच ऐकू येत नाही. व्यवस्थापक आर्ची त्याच्याशी फोनवर बोलतो; मालक काय म्हणाला, ते आपण आर्चीच्या सारवासारवीवरून ताडायचे. नोकराची जीभ मालकापुढे कशी वळते, हे यापेक्षा नेमके मी कुठे ऐकलेले नाही.

आपल्याकडे मुंबई आकाशवाणीचे ‘पुन्हा प्रपंच’ तितकेच लाडके. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. तिघांचे बोलणे इतके सहज, की लिहिलेले वाटतच नसे. पण ते घरातले बोलणे. साहेबाविषयी घरात बोलणे निराळे आणि साहेबाशी बोलणे निराळे. दुसऱ्यातला विनोद त्या दिवाणखान्यात मावणारा नव्हता. त्याच केंद्रावर ‘कामगारसभा’ होती. मला तिची गाणी आठवतात, विनोद नाही.

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारचा माणूसही ऐकू येत नाही. काम खुणांवर चालते. शेठची नक्कल होते ती बाहेर, चहाच्या टपरीवर, आणि तीही भोजपुरीत, उर्दूत, तेलुगूत. मध्यमवर्गीय घरातल्या मराठीला ती पकडता आली नसती. आर्चीला हा अडसर नव्हता. तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची मोडकी इंग्रजी बोलतो, आणि निम्मे हसू त्याच्या चुकलेल्या शब्दांवरच येते.