'२२ जून १८९७' : पडद्याबाहेर राहिलेली खाट

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर प्लेगचा विषय काढणारा पाहुणा कोणाला आवडणार? तरी जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ सालचा चित्रपट पुन्हा पाहिल्यापासून एक तक्रार मनात घोळते आहे. ती सांगून टाकतो.

चित्रपट चांगलाच आहे. मात्र तो चाफेकर बंधूंचा आहे. नावच मुळी रँडवर गोळी झाडली त्या दिवसाचे. मी शेंद्र्याचा. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. रँडचा अंमल इकडे नव्हता. आमच्याकडे प्लेग म्हणजे गाव सोडून रानात घातलेल्या झोपड्या. म्हणूनच असेल, पुण्यातली घरझडती पाहताना मला वेगळाच प्रश्न पडतो : घरातून उचलून नेलेल्या त्या रोग्याचे पुढे काय झाले? कथा मारणाऱ्यांच्या मागे जाते, रोग्याच्या मागे जात नाही.

वास्तविक सारा पेच तिथेच होता. मुंबईत ऑर्थर रोडचे साथरोगांचे रुग्णालय १८९२ पासून होते. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्यावर चालून गेला. आत गेलेला माणूस परत येत नाही, एवढेच त्यांना दिसत होते. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ज्या दवाखान्यात नातलगाला उंबऱ्याबाहेर ठेवतात, तिथे आपला माणूस आपण होऊन कोण देईल? लोकमान्यांनी हे ओळखले होते. सोजिरांच्या जुलमावर त्यांनी 'केसरी'त कोरडे ओढले, आणि त्याच वेळी हिंदूंसाठी प्लेगचे स्वतंत्र रुग्णालयही उभारले. रोग्याला वेगळे ठेवू नका, असे त्यांचे म्हणणे नव्हतेच.

आणि पुण्याजवळच, हडपसरच्या ससाणे मळ्यात, डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. तिथे सावित्रीबाई रोग्यांना आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. मूल वाचले. त्या १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या.

रोग्याला घरातून हलवणे हे काम दोन्हीकडे तेच. एकीकडे बंदूक घेतलेला शिपाई, दुसरीकडे सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ. एकाच शहराच्या परिसरात, एकाच साली, साडेतीन महिन्यांच्या आत या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि आम्ही त्यांतल्या पिस्तुलाच्या आवाजाची तारीख तेवढी पाठ केली. ही उणीव एकट्या पटवर्धनांची नव्हे. आमच्या नाटककारांना, कादंबरीकारांनाही सूड जितका भावला, तितकी शुश्रूषा भावली नाही. खाटेशेजारी रात्रभर बसणाऱ्या माणसात 'प्रसंग' कुठला, असे त्यांना वाटत असावे!

यशवंतांवर तर नाटकाचा एक अंकही कोणी खर्च केल्याचे मी पाहिलेले नाही. आईमागे आठ वर्षांनी, १९०५ साली, प्लेगच्याच साथीत तेही गेले.