पहिल्या हंगामाचा निवाडा : मुंबई सिटीच्या प्रशिक्षकावरील चाहत्यांच्या टीकेची चिकित्सा

प्रस्तावना

कलाकृतीची समीक्षा जाणकार करतो आणि खेळाची समीक्षा प्रेक्षक करतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रेक्षकाच्या मतामागे जिव्हाळा असतो, पण शिस्त नसते, असे मानून अभ्यासक त्याकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः संघाचा प्रत्येक सामना पाहणारा चाहता हा त्या संघाचा सर्वांत सातत्यपूर्ण निरीक्षक असतो. त्याची टीका कोठे खरी ठरते आणि कोठे घसरते, हे तपासणे म्हणूनच उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात 'मुंबई सिटी' या व्यावसायिक फुटबॉल संघाचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या २०२१-२२ मधील पहिल्या हंगामावर झालेल्या टीकेचा या दृष्टीने विचार केला आहे.

हा विषय महानगरापुरता मर्यादित नाही. कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीतील दहिवलीसारख्या ठिकाणी क्रिकेट आणि कबड्डी यांचे वर्चस्व असले, तरी येथील फुटबॉलप्रेमी तरुणाला जवळचा व्यावसायिक संघ म्हणजे मुंबईचाच. अंधेरीच्या क्रीडासंकुलात सामना पाहायचा तर कर्जतहून लोकल पकडून दादरला गाडी बदलावी लागते आणि रात्रीच्या सामन्यानंतर परतीच्या गाडीची चिंता असते. २०२१-२२ च्या हंगामात मात्र हे अंतर नाहीसे झाले. करोनाच्या साथीमुळे इंडियन सुपर लीगचे सर्व सामने गोव्यात मडगाव, बांबोळी आणि वास्को येथे झाले आणि साखळी सामने प्रेक्षकांविना खेळले गेले. अंधेरीचा चाहता आणि दहिवलीचा चाहता दोघेही दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर समान पातळीवर आले. ज्या हंगामाबद्दल एवढी तीव्र मते व्यक्त झाली, तो हंगाम एकाही टीकाकाराने मैदानात बसून पाहिलेला नव्हता, ही बाब आरंभीच लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

वारसा आणि अपेक्षा

बकिंगहॅम यांच्या आधी स्पेनचे सर्जिओ लोबेरा हे प्रशिक्षक होते. त्यांनी २०२०-२१ या आपल्या पहिल्याच हंगामात गुणतक्त्यातील अव्वल स्थानाचे शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक अशी दोन्ही विजेतेपदे संघाला मिळवून दिली. १३ मार्च २०२१ रोजी मडगाव येथे एटीके मोहन बागानविरुद्ध बिपिन सिंगने अखेरच्या क्षणी केलेला गोल चाहत्यांच्या स्मरणात ताजा होता. अशा पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२१ मध्ये बकिंगहॅम यांची नियुक्ती झाली. पहिला सामना २२ नोव्हेंबरला होता. म्हणजे नव्या प्रशिक्षकाला तयारीसाठी जेमतेम सहा आठवडे मिळाले.

चाहत्यांच्या टीकेचा पाया लोबेरांशी केलेली तुलना हाच होता. 'विजेता संघ हाती मिळूनही तो राखता आला नाही', हा तिचा मुख्य सूर. परंतु हाती मिळालेला संघ खरोखर विजेता संघ होता का? गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि मध्यफळीचा ह्युगो बुमू हे दोघेही मोहन बागानकडे गेले होते. आघाडीच्या फळीतील अॅडम ल फॉन्ड्रे संघात उरला नव्हता. बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादकडे गेला आणि त्याच हंगामात १८ गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. हैदराबादने करंडकही जिंकला. मुंबईने गमावलेले बळ प्रतिस्पर्ध्यांच्या पारड्यात पडले होते.

लोबेरांचा पहिला हंगाम हादेखील खऱ्या अर्थाने पहिला नव्हता. बुमू, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि मंदार राव देसाई हे चौघे पूर्वी एफसी गोवा संघात त्यांच्याच हाताखाली खेळलेले होते. प्रशिक्षकाची भाषा त्यांना अगोदरच अवगत होती. नव्या घरात आलेला एक जण ओळखीची माणसे घेऊन आला होता आणि दुसरा एकटाच आला होता. दोघांच्या पहिल्या वर्षाला एकच मोजपट्टी लावणे न्याय्य नव्हते.

हंगामाचे तीन टप्पे

मुंबईने २० सामन्यांत ९ विजय, ४ बरोबरी आणि ७ पराभव अशी कामगिरी करून ३१ गुण मिळवले व पाचवे स्थान पटकावले. चौथ्या स्थानावरील केरळ ब्लास्टर्सचे ३४ गुण होते. उपांत्य फेरीत पहिल्या चार संघांनाच प्रवेश असल्याने गतविजेता संघ बाहेर पडला. या एकत्रित आकड्यांवरून 'सुमार हंगाम' असा निष्कर्ष निघतो. परंतु तेच सामने क्रमाने मांडल्यास वेगळे चित्र दिसते.

पहिल्या ६ सामन्यांत संघाने ५ विजयांसह १५ गुण मिळवले. त्यात मोहन बागानवरील ५-१ हा विजयही होता. त्यानंतर १९ डिसेंबर २०२१ ते ३ फेब्रुवारी २०२२ या काळातील ७ सामन्यांत एकही विजय मिळाला नाही आणि केवळ ४ गुण पदरी पडले. शेवटच्या ७ सामन्यांत पुन्हा ४ विजय व १२ गुण मिळाले. मात्र अखेरच्या दोन सामन्यांत केरळ व हैदराबाद यांच्याकडून पराभव झाला आणि संधी हुकली.

बचाव फळी ढिसाळ झाली आहे, हा चाहत्यांचा सर्वांत ठाम आक्षेप येथे तपासून पाहता येतो. २०२०-२१ मध्ये मुंबईने ३५ गोल केले आणि १८ स्वीकारले. २०२१-२२ मध्ये ३६ गोल केले आणि ३१ स्वीकारले. सामन्यांची संख्या दोन्ही वर्षी २० च होती. म्हणजे आघाडीचे नामवंत खेळाडू गमावूनही गोलांची संख्या घटली नाही, घसरण झाली ती बचावातच. त्या ३१ पैकी १५ गोल मधल्या ७ सामन्यांत झाले. चाहत्यांची नजर चुकली नव्हती. दुखणे कोठे आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते.

आघाडीच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. ओगबेचेच्या जाण्याची खंत एवढी मोठी होती की, संघाचे गोल आटले आहेत असे अनेकांना वाटत राहिले. आकडे त्याला दुजोरा देत नाहीत. गमावलेल्या खेळाडूचे दुसरीकडील यश डोळ्यांत भरते, पण उरलेल्यांनी ती उणीव भरून काढली असेल तर ते सहजासहजी नजरेत येत नाही.

निरीक्षण आणि निवाडा

टीकेतील खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. 'बचाव ढासळला' हे निरीक्षण आहे. 'प्रशिक्षक अपात्र आहे' हा निवाडा आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मधली बरीच कारणे तपासावी लागतात. गोलरक्षक बदललेला होता. तयारीचा काळ अपुरा होता. जानेवारी २०२२ मध्ये साथ पुन्हा बळावल्याने स्पर्धेतील काही सामने पुढे ढकलावे लागले आणि संघांना सरावाऐवजी विलगीकरणात दिवस काढावे लागले. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे. प्रशिक्षकाच्या डावपेचांचाही त्यात वाटा असणारच. परंतु सर्व कारणे बाजूला सारून एकाच व्यक्तीवर भार टाकणे ही समीक्षा नसून सोय आहे.

पडद्याची मर्यादाही येथे विचारात घ्यावी लागते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो. बचाव फळीतील दोन खेळाडूंमधले अंतर, मध्यफळी परत फिरण्यास लावत असलेला वेळ, चेंडू नसलेल्या बाजूची मांडणी या गोष्टी चौकटीबाहेर राहतात. प्रशिक्षकाचे काम मुख्यतः तेथेच चालते. चाहत्याला गोल दिसतो, त्यापूर्वीची हालचाल दिसत नाही. परिणामी अखेरच्या क्षणी चेंडू ज्याच्या पायाजवळ असतो तो बचावपटू आणि कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावर जातो तो प्रशिक्षक, हे दोघेच दोषी ठरतात.

निवाडा नियमांवरही किती अवलंबून असतो, हे पुढच्याच वर्षी स्पष्ट झाले. २०२२-२३ पासून पहिल्या सहा संघांना पुढील फेरीत प्रवेश देण्यात आला. तोच नियम एक वर्ष आधी असता, तर पाचव्या स्थानावरील मुंबई बाद फेरीत खेळली असती आणि त्याच कामगिरीला 'अपयश' म्हणणे अवघड गेले असते.

त्यानंतरच्या घटना

साखळी संपल्यानंतर महिन्याभरातच संघ रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीग खेळण्यास गेला. ११ एप्रिल २०२२ रोजी मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबचा २-१ असा पराभव केला. या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला हा पहिलाच विजय होता. सौदी अरेबियाच्या अल शबाबकडून दोन्ही सामन्यांत हार पत्करूनही संघ ७ गुणांसह गटात दुसरा आला. २०२२-२३ मध्ये तर संघाने सलग १८ सामने अपराजित राहून ४६ गुणांसह शील्ड जिंकले. जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे त्या पडत्या काळातच, संघात आलेला लालियानझुआला छांगटे या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

यावरून 'चाहते चुकले, प्रशिक्षक जिंकला' असा सोपा बोध काढण्याचा मोह होतो. तोही टाळला पाहिजे. दुसऱ्या हंगामात ग्रेग स्टुअर्ट, होर्हे परेरा दियास यांच्यासारखे खेळाडू दाखल झाले होते. पहिल्या वर्षीचे अपयश एकट्या प्रशिक्षकाचे नसेल, तर दुसऱ्या वर्षीचे यशही एकट्याचे नाही. टीकेला लावलेली कसोटी स्तुतीलाही लावली पाहिजे. गतवर्षी दोष देणाऱ्यांनी या वर्षी जयजयकार केला. त्यांचे मत बदलले, पण विचाराची पद्धत तीच राहिली.

मुंबई सिटीचाच इतिहास या संदर्भात बोलका आहे. अलेक्झांडर गिमाराइस यांच्या पहिल्या हंगामात, २०१६ मध्ये, संघ साखळीत पहिला आला. २०१७-१८ मध्ये तो सातवा आला. होर्हे कोस्ता यांनी २०१८-१९ या पहिल्या हंगामात उपांत्य फेरी गाठली, तर २०१९-२० मध्ये संघ पाचव्या स्थानी अडला. बकिंगहॅम पाचव्यावरून पहिल्या स्थानी गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेल्यावर आलेले पेत्र क्रात्की यांनी काही महिन्यांतच, ४ मे २०२४ रोजी, मोहन बागानला ३-१ असे नमवून करंडक जिंकला. २०२४-२५ च्या साखळीत मात्र संघ सहावा आला. चार प्रशिक्षकांपैकी एकाच्याही बाबतीत पहिल्या हंगामाने दुसऱ्याची चाहूल दिली नाही. उदाहरणे थोडी आहेत, त्यांवरून नियम सांगता येणार नाही. तरी पहिल्या वर्षाच्या आधारे भविष्य वर्तवणाऱ्याला सावध करण्यास ती पुरेशी आहेत.

धीराचा पुरस्कार करताना अॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव हमखास घेतले जाते. १९८६ च्या नोव्हेंबरात ते मँचेस्टर युनायटेडकडे आले, त्या हंगामात संघ अकरावा आला आणि पहिला चषक १९९० मध्ये मिळाला. परंतु हे उदाहरणही जपून वापरावे लागते. वाट पाहूनही ज्यांच्या हाती काही लागले नाही, त्या प्रशिक्षकांची नावे कोणी स्मरणात ठेवत नाही. धीर हा यशाची हमी देत नाही. निर्णयापूर्वी पुरेसा पुरावा जमू देणे एवढेच तो करतो.

समारोप

चाहत्यांच्या टीकेचे मोल तिच्या निरीक्षणात आहे. बकिंगहॅम यांच्या पहिल्या हंगामात बचाव खचला होता, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात संघ दिशाहीन झाला होता आणि अखेरच्या दोन सामन्यांत तो कमी पडला, हे चाहत्यांनी सांगितले ते खरेच होते. वारसा, वेळ, नियम आणि पडद्याची चौकट यांचा हिशेब न करता त्यांनी व्यक्तीविषयी निकाल दिला, तेथे त्यांची समीक्षा संपली.

या प्रश्नाचे गांभीर्य व्यावसायिक फुटबॉलपुरते नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने खेळल्या जातात, तेव्हा दहिवली-कर्जत परिसरातील महाविद्यालयीन संघाचा वर्षभराचा सराव एका दुपारच्या पराभवाने संपू शकतो. नव्या क्रीडाशिक्षकाचे पहिले वर्ष त्या एका निकालावरून मोजले गेले, तर पुढच्या वर्षी तो नवख्या विद्यार्थ्याला मैदानात उतरवण्याचे धाडस करणार नाही. त्याची किंमत शिक्षकापेक्षा त्या विद्यार्थ्याला अधिक मोजावी लागेल. पहिल्या वर्षाकडून निकालापेक्षा माहिती घ्यावी, काय ढासळले आणि कोणते बी पेरले गेले याची नोंद ठेवावी, आणि निवाडा त्या नोंदीच्या आधारे सावकाश करावा. खेळाच्या समीक्षेला शिस्त आणण्याचा हाच मार्ग आहे.