एका दप्तराचे दोन इतिहास

ऑस्ट्रेलियांतील कवयित्री ज्युडिथ राइट (१९१५–२०००) यांनीं आपल्या कुलाचा इतिहास दोनदां लिहिला : १९५९ सालीं 'दि जनरेशन्स ऑफ मेन' व १९८१ सालीं 'दि क्राय फॉर दि डेड'. आजोबा अल्बर्ट राइट यांच्या रोजनिशा दोहोंसहि आधारभूत आहेत. एकाच दप्तरावरून एकाच लेखणीनें बावीस वर्षांच्या अंतरानें इतके भिन्न ग्रंथ उतरावे, ही गोष्ट जुने कागद जमविणाऱ्या आमच्या वाचकांस विचारणीय वाटेल.

या कुलाच्या एका शाखेचे मूळपुरुष जॉर्ज विंडहॅम १८२७ सालीं इंग्लंडाहून न्यू साउथ वेल्समध्यें आले व हंटर नदीच्या खोऱ्यांत डॉलवुड येथें स्थायिक झाले. पुढील पिढ्या गुरेंमेंढरें हांकीत उत्तरेस सरकल्या. १८३६ पासून वसाहतीच्या हद्दीबाहेर चराई करणारास सालीना दहा पौंड भरून परवाना मिळे. भूमि कोणाची, हा प्रश्न त्या परवान्यांत उद्भवतच नव्हता. अल्बर्ट यांनीं क्वीन्सलंडांत डॉसन नदीच्या खोऱ्यांत कुरणें धरलीं, अवर्षण व कर्ज यांशीं झगडले आणि १८९० सालीं वारले. त्यांच्या विधवा पत्नी मे यांनीं न्यू इंग्लंड पठारावरील वाँगविबिंडा येथून कारभार सांभाळून घराणें ऋणमुक्त केलें व संपन्नतेस नेलें.

पहिला ग्रंथ मुख्यतः या कर्तबगार स्त्रीचें चरित्र आहे, आणि तें चित्र सरस वठलें आहे यांत संशय नाहीं. परंतु रोजनिशींतील मजकूर कोठें संपला व नातीची कल्पना कोठें सुरू झाली, हें वाचकास कळत नाहीं. पात्रांच्या मनांतील विचार लिहून दाखविणाऱ्या बखरकारास आम्ही जी सूट देत नाहीं, ती येथें तरी कां द्यावी? मूळ रहिवासी या ग्रंथांत येतात, पण कडेकडेनें, एखाद्या खेदाच्या छायेसारखे.

दुसऱ्या ग्रंथांत ही कडच मध्यभागीं आली आहे. रोजनिशीशेजारीं सरकारी कागद, वृत्तपत्रें व इतर कुरणवाल्यांचीं टिपणें मांडून लेखिकेनें वाद्जा लोकांची भूमि कशी गेली तें दाखविलें आहे. १८३८ सालीं मायल क्रीक येथें निदान अठ्ठावीस मूळ रहिवाशांची कत्तल झाली व त्याबद्दल सात गोऱ्यांस फांशी झाली. तेव्हांपासून असें कृत्य करणारे तें कागदावर येऊं देईनात. १८५७ सालीं डॉसनच्याच वरच्या खोऱ्यांत हॉर्नेट बँक येथें यिमन लोकांनीं अकरा गोऱ्यांस मारलें. त्याच्या सूडांत कुरणवाल्यांनीं व नेटिव्ह पोलिसांनीं त्याहून कितीतरी अधिक यिमन मारले. अकरांची गणती पक्की आहे. दुसऱ्या बाजूची कोणी ठेवलीच नाहीं.

भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे, पण एका अटीवर : वस्तु असती तर दिसलीच असती, अशी योग्यता हवी. घटावांचून भूतल दिसल्यास घट नाहीं असें म्हणतां येतें, तें उजेड असेल तरच. जेथें लिहिल्यास फांसाची भीति, तेथें चोपडींत हत्येची नोंद नाहीं म्हणून हत्या झाली नाहीं, हें अनुमान लंगडें होय. घराण्याच्या कागदांवर विसंबून घराण्यांचे इतिहास लिहिणारांनीं (आणि अशांची वाण आपणांकडेहि नाहीं) हा विवेक क्वचितच केला आहे. राइट यांनीं तो स्वतःच्या आजोबांच्या दप्तराविषयीं केला, हें त्यांचें धैर्य.

दोष दुसऱ्यांतहि आहेत. कुरणांचीं व मालकांचीं नांवें इतकीं दाटतात कीं सूत्र वारंवार हातचें सुटतें, आणि मे यांच्यासारखी सजीव व्यक्ति त्यांत उरत नाहीं. तथापि इतिहास म्हणून अधिकार दुसऱ्याचाच. जिज्ञासूंनीं मात्र १९५९ चा ग्रंथ आधीं वाचावा. त्या घरांतील माणसांशीं परिचय झाल्यावांचून पुढील हिशेब कोणाचा चालला आहे, तें कळणार नाहीं.